राखीव वीज किती ठेवायची?

ऐरोलीच्या राज्य भारप्रेषण केंद्रात बसलं की नजर सारखी एकाच आकड्याकडे जाते. तो आकडा वारंवारतेचा. ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ती राहिली की देशभरात तयार होणारी आणि वापरली जाणारी वीज जुळते आहे असं समजायचं. ती घसरू लागली की शिफ्टमधला अभियंता बोलता बोलता थांबतो. मला समजून घ्यायची होती ती राखीव वीज, म्हणजे आत्ता वापरात नसलेली, पण मागितली की लगेच मिळेल अशी. ती किती ठेवायची हे ठरतं कसं?

जुना हिशेब सोपा आहे. सर्वांत मोठा संच बंद पडला तरी निभावेल एवढी क्षमता हाताशी हवी. कोराडीला ६६० मेगावॅटचे संच आहेत, तर किमान तेवढी. खरा पेच आहे अंदाज चुकण्याचा. दिवसाचे पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडतात आणि प्रत्येक भागाची मागणी, ऊन, वारा यांचा अंदाज आदल्या दिवशीच बांधतात. समजा, मागणीचा अंदाज ३०० मेगावॅटने चुकू शकतो आणि सौर-पवनचा ४०० ने. मग राखीव ७०० ठेवायची का? दोन्ही चुकांचा एकमेकींशी संबंध नसेल तर वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढायचं. तेवढ्याच भरवशासाठी ५०० पुरतात. उरलेले २०० म्हणजे ग्राहकाचे वाचलेले पैसे, कारण नुसत्या तयारीत ठेवलेल्या संचाचाही खर्च असतोच.

पण अवकाळी पाऊस हे गणित मोडतो. ढगांनी सौरवीज घटते, त्याच पावसाने शेतीपंप थांबतात, वाऱ्याने पवनचक्क्या जोर धरतात. चुका कधी एकमेकींना खोडतात, कधी एकाच दिशेला ओढतात. म्हणून बारा महिने, चोवीस तास एकच राखीव आकडा धरणं मला चुकीचं वाटतं.

राखीव खालच्या बाजूलाही लागते, हे आपण सहज विसरतो. ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता देशाने नऊ मिनिटं दिवे मालवले. मागणी १२-१३ हजार मेगावॅटने उतरेल असा अंदाज होता. ती ३१ हजारांनी उतरली. तरी ग्रीड टिकलं, कारण जलविद्युत संच आधीच वर चढवून ठेवले होते आणि काही मिनिटांत ते १७ हजार मेगावॅटहून अधिक खाली आणले गेले. अंदाजाच्या अडीचपट घट पोटात घेणारी ही तयारी मला फार मोलाची वाटते.

महाराष्ट्रात हे काम मुख्यतः कोयनेचं. थंड पडलेला कोळशाचा संच उभा करायला तास जातात, कोयनेचा काही मिनिटांत सुरू होतो. प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट. मात्र विजेसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे, आणि जलवर्ष संपतं ३१ मेला, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या शेवटी. हिवाळ्यात सढळ हाताने सोडलेलं पाणी तेव्हा हाताशी नसतं. त्यामुळे मे महिन्यात कोयनेची राखीव क्षमता संचांच्या पाटीवरून धरू नये, शिल्लक पाण्यावरून धरावी.