सप्तर्षी आणि त्यांच्या शेजारची अरुंधती

एप्रिल-मे महिन्यांत रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे पाहिले असता पतंगासारखी आकृती करणारे सात ठळक तारे दिसतात. हेच सप्तर्षी होत. चौकोनात क्रतू, पुलह, पुलस्त्य व अत्री, तर शेपटीत अंगिरस, वसिष्ठ व मरीची, असा त्यांचा क्रम आहे. पुलहाकडून क्रतूकडे जाणारी रेषा पुढे वाढविली की ध्रुवतारा सापडतो.

वसिष्ठाला खेटून असलेला मंद तारा म्हणजे त्याची पत्नी अरुंधती. दोहोंमधील अंतर पूर्णचंद्राच्या व्यासाच्या निम्म्याहूनही कमी भासते. ठळक वसिष्ठ आधी दाखवून मग सूक्ष्म अरुंधतीकडे नजर वळवायची, या रीतीवरूनच शास्त्रकारांचा 'अरुंधतीदर्शन न्याय' रूढ झाला.

उरलेल्या सहा ऋषींच्या पत्नी कोठे आहेत? महाभारताच्या वनपर्वातील कथेनुसार स्वाहेने त्या सहा जणींची रूपे घेतली. अरुंधतीचे रूप मात्र तिला घेता आले नाही. संशयावरून पतींनी टाकलेल्या त्या सहा जणी कृत्तिका झाल्या. शतपथ ब्राह्मणात या ताटातुटीचे वर्णन आकाशाच्या भाषेत येते: सप्तर्षी उत्तरेला उगवतात आणि कृत्तिका पूर्वेला, म्हणून त्यांचा सहवास नाही. कथेच्या मुळाशी असे काटेकोर निरीक्षण आहे.

आधुनिक खगोलशास्त्राने या कथेत वेगळीच भर घातली. १८६९ मध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड प्रॉक्टर यांनी दाखवून दिले, की क्रतू व मरीची वगळता उरलेले पाच तारे अवकाशात एकाच दिशेने प्रवास करीत आहेत. अरुंधतीही याच समूहात आहे. सुमारे ८० प्रकाशवर्षे दूर असलेला हा समूह एकाच मेघातून जन्मला असावा, असे मानले जाते. क्रतू आणि मरीची यांची वाट निराळी असल्याने लाखभर वर्षांनी सप्तर्षींची आजची आकृती ओळखू येणार नाही. वसिष्ठ-अरुंधती मात्र तेव्हाही एकाच दिशेने चाललेले असतील.

आश्वलायन गृह्यसूत्राप्रमाणे वधूने ध्रुव, अरुंधती व सप्तर्षी पाहिल्यावरच मौन सोडायचे असते. आता बहुतेक विवाह दिवसा, कार्यालयाच्या छपराखाली लागतात आणि अरुंधतीदर्शन मंत्रापुरते उरते. शिवाय मार्गशीर्षात आपल्याकडे रात्रीच्या पूर्वार्धात सप्तर्षी क्षितिजाखालीच असतात. वैशाखातील नवदांपत्यांना मात्र ही सबब नाही. शहराच्या दिव्यांपासून थोडे दूर गेल्यास साध्या डोळ्यांनीही अरुंधती दिसू शकते. दुर्बीण असेल, तर शहरातील गच्चीही पुरेशी आहे.