तोतरेपणा : वाट पाहायची, पण किती?

कालपर्यंत चुरुचुरु बोलणारं तीन वर्षांचं पोर अचानक "म-म-मला पाणी" असं अडखळायला लागलं, की आईच्या पोटात गोळा येतो. आमच्या गोवंडीत मग दारोदारचे सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं, जिभेला वेखंड उगाळून लाव. कुणी म्हणतं, नक्कल करतोय, दोन धपाटे दे. आणि बहुतेकजणी म्हणतात, "अगं, होईल आपोआप बरं!"

मैत्रिणींनो, वेखंड आणि धपाटे सोडा. पण शेवटच्या सल्ल्यात तथ्य आहे. दोन ते पाच वर्षांच्या वयात शंभरातली पाचेक मुलं तरी अडखळतात. त्यातली चारांपैकी तीन पुढे नीट बोलू लागतात. अडचण एवढीच, की आपलं मूल त्या तिघांतलं की चौथं, हे आधी कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

म्हणून वाट पाहायची, पण तारीख लिहून! अडखळणं सुरू झालं तो दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर नोंदवा. सहा महिने उलटले तरी कमी नसेल, तर स्पीच थेरपिस्टना दाखवा. घरात कुणी मोठेपणीही तोतरं बोलत असेल, बोलताना मूल डोळे मिटत असेल, मान झटकत असेल, शब्द घशात अडकत असेल, किंवा ते बोलणंच टाळू लागलं असेल, तर सहा महिनेही थांबू नका. पाणी मागण्याऐवजी पोर नुसतं माठाकडे बोट दाखवू लागलं, की समजा वेळ झाली.

दाखवलं म्हणजे लगेच उपचार सुरू होतात असं नाही. "अजून थोडं बघू" असंही ते सांगतील. पण मग ते जाणकाराचं बघणं असतं. शाळेत चिडवाचिडवी सुरू होण्याआधी हे झालेलं बरं.

लहान मुलांच्या उपचारात आईचाच वाटा मोठा. ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या 'लिडकोम्ब' पद्धतीत थेरपिस्ट आईवडिलांना शिकवतात आणि ते घरी रोज थोडा वेळ सराव घेतात. न्यूझीलंडमधल्या तीन ते सहा वर्षांच्या ५४ मुलांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. आपोआप जेवढी सुधारणा होते, त्याहून जास्त या पद्धतीने झाली, असं त्यात दिसलं.

मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, नायर रुग्णालयातही वाचा उपचार विभाग आहे. गोवंडीहून हार्बरने वडाळा, तिथे गाडी बदलून वांद्रे. कामाचा एक खाडा पडेल, पण तो पडू द्या.

तोवर घरी एवढंच करा. मुलाचं वाक्य तोडू नका, "नीट बोल" म्हणून दटावू नका, आपणच सावकाश बोला. घरात मराठी आणि गल्लीत हिंदी, म्हणून मूल तोतरं होत नाही. तेव्हा मायबोली बंद करू नका. आणि हो, सासूबाई काहीही म्हणोत, यात आईचा दोष नसतो.