बक्षीस कोणाच्या सौजन्याने?

सप्टेंबर 2019 मध्ये जपानमधल्या चिबा शहरात 'स्ट्रीट फायटर'ची मोठी स्पर्धा भरली होती. पहिलं बक्षीस 50 लाख येन, म्हणजे तेव्हाच्या भावाने तेहतीस लाखांच्या आसपास रुपये. जिंकला मोमोची. पट्टीचा खेळाडू, 2015 साली त्याने अमेरिकेतली 'इव्हो' स्पर्धाही मारली होती. पण चिबात त्याच्या हातावर पडले जेमतेम 60 हजार येन. लबाडी वगैरे काही नव्हती. त्याच्याकडे लायसन नव्हतं, एवढंच.

व्हिडिओ गेम खेळायला लायसन कशाला, हे कळण्यासाठी थेट व्हिस्कीपर्यंत मागे जावं लागतं. 1961 साली एका व्हिस्की कंपनीने 'आमची दारू प्या आणि हवाईला जा' अशी योजना काढली. सामान्य जपानी माणसाला तेव्हा सहलीसाठी परदेशी जायची मोकळीक नव्हती. ती मिळाली 1964 मध्ये. व्हिस्कीच्या योजनेच्याच सुमारास एका च्युइंगमवाल्याने 1 कोटी येनचं बक्षीस लावलं. लोक माल पाहून नाही, बक्षीस पाहून खरेदी करू लागले. त्याआधी 1960 मध्ये गोमांसाचं लेबल लावलेल्या डब्यांत देवमाशाचं मांस सापडून मोठा गहजब झालाच होता. या सगळ्यातून 1962 चा कायदा आला. फसवी जाहिरात बंद, आणि ग्राहकाला दाखवायच्या आमिषाला मर्यादा. आज ती आहे खरेदीच्या किमतीच्या वीसपट किंवा 1 लाख येन, यातलं जे कमी असेल ते.

आता हे गणित गेमला लावून बघा. गेम बनवणारी कंपनीच स्पर्धा भरवते. जिंकायचं तर सराव हवा, सरावासाठी गेम विकत घ्यायला हवी. म्हणजे बक्षीस हे विक्रीचं आमिष झालं. तीन हजार येनची गेम, तिचे वीसपट साठ हजार. मोमोचीचा आकडा आला तो इथून. च्युइंगमसाठी शिवलेला सदरा साठ वर्षांनी गेमच्या अंगात घातला, तर तो असा तोकडा पडणारच.

यातून वाट काढायला फेब्रुवारी 2018 मध्ये 'जपान ई-स्पोर्ट्स युनियन' ही संस्था उभी राहिली. तिने खेळाडूंना व्यावसायिक म्हणून परवाने द्यायला सुरुवात केली. परवानाधारक हा गिऱ्हाईक नव्हे, कलावंत. त्याला मिळतं ते बक्षीस नसून कामाचा मोबदला, अशी मखलाशी. मोमोचीने परवाना नाकारला तो तत्त्वासाठी: खेळाडूच्या कमाईची किल्ली एकाच खासगी संस्थेच्या कमरेला का असावी? गंमत म्हणजे चिबाच्या स्पर्धेच्याच महिन्यात सरकारी ग्राहक खात्याचा खुलासा जाहीर झाला. प्रेक्षकांसमोर कौशल्य दाखवून मिळालेला पैसा मोबदला ठरू शकतो, लायसन असो वा नसो!

जपानात याहून कडक गाठ आहे ती जुगाराच्या कलमांची. खेळाडूंकडून प्रवेश फी गोळा करून तीच विजेत्याला दिली, तर ती पैज झाली. म्हणून आयोजक फी सभागृहाच्या भाड्याला लावतात आणि बक्षिसासाठी प्रायोजक वेगळा शोधतात.

हा पेच आपल्याला नवा नाही. 1950 च्या आसपास मुंबई राज्यात बक्षिसाच्या शब्दकोड्यांचं वेड होतं. बंगळुरात छापलेलं 'स्पोर्टिंग स्टार' हे साप्ताहिक इथे खपे, त्यातली कोडी सोडवून लोक फीसकट प्रवेशिका भरत. राज्य सरकारने कर लावला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. दरम्यान 1955 मध्ये संसदेने बक्षीस स्पर्धांचा कायदाच केला: महिन्याला एकूण बक्षीस 1,000 रुपयांच्या आत, प्रवेशिका 2,000 च्या आत. 1957 मध्ये न्यायालयाने सांगितलं की हे निर्बंध जुगारी स्वरूपाच्या स्पर्धांपुरते. खऱ्या कौशल्याच्या स्पर्धा त्यात येत नाहीत. रमीपासून फँटसी क्रिकेटपर्यंत सगळे पुढे याच खुंटीला लोंबकळले.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ती खुंटी उपटली. नव्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात कौशल्य की नशीब हा प्रश्नच ठेवलेला नाही. पैसे भरून पैसे जिंकायची आशा असेल तर तो 'मनी गेम', आणि त्याला बंदी. सूट मान्यताप्राप्त, नोंदणीकृत ई-स्पोर्ट्सला. तिथे कामगिरीवरचं बक्षीस चालतं, प्रवेश फीही चालते, पण फक्त प्रवेशासाठी किंवा व्यवस्थेच्या खर्चासाठी. पैज चालत नाही. म्हणजे फिरून गाडी जपानच्याच प्रश्नापाशी आली: हा पैसा कुणाच्या खिशातला?

दिवाळीनंतर गावोगाव टेनिस बॉल क्रिकेटचे फ्लेक्स लागतात. वर 'प्रथम पारितोषिक', खाली अमुक तमुक शेठ 'यांच्या सौजन्याने', कोपऱ्यात प्रवेश फी. मोबाइलवर फ्लेक्स नसतो. व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी गेमची 'रूम' काढतो, प्रत्येकाकडून पन्नास रुपये यूपीआयने घेतो, स्वतःचा वाटा काढून उरलेले जिंकणाऱ्याला देतो. शेठ नाही, सौजन्यही नाही. त्या रूममध्ये खेळणाऱ्या पोराला नवा कायदा शिक्षा करत नाही. रूम काढणाऱ्याला मात्र 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि अनेकदा तोही कॉलेजात जाणारा पोरच असतो.