भट्टी, बट्टी आणि खापर

दिवाळीच्या आधीचा आठवडा लागला की खान्देशातल्या तालुक्याच्या गावांमध्ये बेकरीपुढे बायकांची गर्दी होते. कुणाच्या पिशवीत मैदा असतो, कुणाच्या पिशवीत घरच्या गव्हाचं वस्त्रगाळ पीठ. सोबत पिठीसाखर, वनस्पती तूप नाहीतर घरचं साजूक, मूठभर रवा, वाटीभर बेसन, पुरचुंडीत वेलदोडे. आणि घासूनपुसून उन्हात वाळवलेला पत्र्याचा रिकामा डबा. बेकरीतला कारागीर तूप-साखर फेसतो, पीठ मळून देतो. पुढचं काम पुष्कळदा बायका तिथेच बसून करतात: गोळे वळायचे, अंगठ्यानं मधोमध दाबायचे, वर पिस्त्याचा नाहीतर चारोळीचा दाणा टेकवायचा, काळ्या पत्र्यांवर ओळीनं मांडायचे. कुणाचा पत्रा कोणता हे कळावं म्हणून चिठ्ठी. घरी जाताना भाजणावळ किलोवर मोजून द्यायची आणि ऊन डबा पदराआड धरून न्यायचा.

घरगुती बेकिंग आपल्याकडे ओव्हनबरोबर आलं, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते मान्य नाही. रावेर, यावल, सावदा, फैजपूर या पट्ट्यात घरोघरी ओव्हन नव्हते हे खरं. पण भाजण्याची विद्या होती आणि तिच्यासाठी लागणारा विस्तव घराबाहेर होता. बेकरीत, शेताच्या बांधावर, अंगणातल्या तीन दगडांवर. ही विद्या कुठे कुठे राहिली, त्याचा हा शोध.

बेकरीपासूनच सुरुवात करू. विटांच्या जुन्या भट्टीत लाकूड आतच जाळतात. जमीन आणि कमान तापली की निखारे बाजूला ओढतात आणि पुढचं सगळं काम विटांनी धरून ठेवलेल्या धगीवर चालतं. ही धग तासातासानं उतरत जाते, आणि कारागिराचं कसब तिच्या उताराबरोबर माल बदलण्यात असतं. कडक धगीवर पाव. ती ओसरली की बिस्किटं, नानखटाई. अगदी शेवटी, रात्रभर, टोस्ट वाळवायचे. घरून आलेल्या पिठाची पाळी पावानंतर येते ती यामुळे. नानखटाईत तूप इतकं असतं की जास्त आचेवर ती पसरून चपटी होते आणि कड करपते. मंद, सगळीकडून सारखी धग मिळाली तरच ती फुगून वरून तडकते. घरच्या चुलीवर हे साधत नाही, कारण चुलीची आच खालूनच लागते.

आता बऱ्याच ठिकाणी डिझेलचे नाहीतर विजेचे ओव्हन आले आहेत. मुंबईत तर उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत इंधन बदलायला सांगितलं. धुराच्या दृष्टीनं तो निर्णय योग्यच आहे. मात्र भट्टी गेली की उतरत्या धगीचं गणितही जातं, आणि ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

नानखटाईचं मूळ सुरतेत सांगतात. डच वखारीसाठी पाव भाजणारी एक बेकरी डचांनी जाताना फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी कारागिराच्या हाती सोपवली. युरोपीय गिऱ्हाईक आटलं, पाव पडून राहू लागला, वाळलेल्या पावाला स्थानिक गिऱ्हाईक मिळालं आणि त्यातून पुढे तिथली बिस्किटं आणि नानखटाई घडली, अशी ती हकीकत. सुरत रावेरला परकी नाही. मुलताईला उगम पावलेली तापी बुऱ्हाणपुरावरून रावेर तालुक्याच्या कडेनं वाहत ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून सुरतेपाशीच समुद्राला मिळते. या खोऱ्यातून व्यापारी तांडे शतकानुशतकं गेले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सुरतेची रेल्वेही अमळनेरापर्यंत आली. नानखटाई याच वाटेनं वर आली असावी, असा माझा तर्क आहे. पक्कं एवढंच की तिनं इथे मुक्काम केला. अनेक गावांत भट्टी मुसलमान कारागिरांच्या हाती आहे, आणि हिंदू घरातला दिवाळीचा फराळ त्यांच्या हातून भाजून येतो. यात कुणाला काही विशेष वाटत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

इथे थोडं दूरचं उदाहरण घेतो, कारण त्यानं रावेरच्या बट्टीकडे, म्हणजे विस्तवात भाजलेल्या गव्हाच्या गोळ्याकडे, बघायची दृष्टी मिळते. आयर्लंडच्या खेड्यांतही पूर्वी घरोघरी ओव्हन नव्हते. तिथल्या बायका बॅस्टिबल नावाच्या झाकणाच्या ओतीव लोखंडी भांड्यात पाव भाजत. हे भांडं चुलाण्यातल्या विस्तवावर टांगायचं आणि झाकणावरही निखारे पसरायचे, म्हणजे खालूनवरून सारखी धग. इंधन पीटचं, म्हणजे दलदलीतून ठोकळे कापून वाळवलेली जुनी कुजकी वनस्पती. तिथला गहू मऊ. त्याच्या पिठाला ताण नाही, यीस्टनं ते नीट उभं राहत नाही. एकोणिसाव्या शतकात खाण्याचा सोडा स्वस्त झाला तेव्हा लोण्याखालचं आंबट ताक आणि सोडा यांच्या जोरावर फुगणारा सोडा ब्रेड त्या गव्हाला नेमका मानवला. आज आयरिश घरांची ओळख झालेले ट्रेबेक, म्हणजे एका पत्र्यात सबंध भाजून किंवा थापून चौकोनी कापायचे गोड तुकडे, हे बरेच पुढचे. उत्तर आयर्लंडमधल्या एका प्रकारात तर पंधरा बिस्किटं, पंधरा मार्शमेलो आणि पंधरा चेरी कंडेन्स्ड मिल्कमध्ये कालवून खोबऱ्यात घोळवतात, भाजायचंही नाही. चर्चचा कार्यक्रम असो की कुणाची मयत, शेजारणी असे पत्रे भरून घेऊन येतात. घरातला गहू, घरालगतचं इंधन आणि माणसांची गर्दी, या तिन्हींतून तिथला पदार्थ ठरला.

बट्टीही तशीच ठरली. गहू जाडसर दळायचा, काही घरी त्यात थोडा मका. ओवा, हळद, मीठ आणि तेलाचं मुठीत धरल्यावर टिकेल इतकं मोहन. पीठ घट्ट, पोळीच्या कणकेपेक्षा बरंच घट्ट. शेतात करायची तर गोवऱ्यांचा ढीग पेटवून त्याचा आर होऊ द्यायचा आणि गोळे त्यात पुरायचे. शेणाच्या गोवरीचा विस्तव ज्वाळा न करता तासभर टिकतो, वर राखेचं पांघरूण धरतो. पिठाचा गोळा बाहेरून खरपूस आणि आतून पूर्ण शिजायला हीच धग लागते. मग राख झटकायची, बट्टी हातानं फोडायची आणि वर तूप. घरात, लग्नाकार्यात दुसरी रीत आहे: पिठाचे लांबट उंडे वाफवायचे, कापायचे आणि तळायचे. राजस्थानची बाटी, माळव्याचा बाफला, बिहारची लिट्टी ही सगळी भावकी. पण चुरलेल्या बट्टीवर तुरीचं घट्ट वरण, बाजूला हिरव्या वांग्यांची घोटलेली भाजी आणि खाली केळीचं पान, ही पंगत जळगावकडचीच. पंगत शेकड्यांची असली तरी बट्टी थकत नाही. आधी करून ठेवता येते, गार झाली तरी बिघडत नाही.

वांग्याचंही भाजणंच आहे. भरताचं हिरवं-पांढरट मोठं वांगं कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेलं हे इंधन हिवाळ्यात भरपूर असतं, आणि वांगीही तेव्हाच येतात. ज्वारीत सबंध उडीद घालून दळलेल्या कळण्याची भाकरी सोबत हवी. भरीत गॅसवर होतं, पण त्याला काडीच्या धुराचा वास येत नाही, आणि तो वास म्हणजेच अर्धं भरीत.

आता मांडे. खान्देशच्या सगळ्या भाजणीत मी यांना सर्वांत वर ठेवतो. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा इथला दिवाळीच्या तोडीचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराई बसते, आणि आमरसाबरोबर खापरावरचे मांडे होतात. तयारी आदल्या दिवसापासून. गहू ओलवून, वाळवून, बारीक दळायचा आणि पीठ फडक्यातून गाळायचं. कोंडा राहिला तर तो पापुद्रा फाडतो. मिठाच्या पाण्यात भिजवलेली कणीक इतकी सैल ठेवायची की नवख्या हाताला ती पातळ झाली असंच वाटावं. मग आपटून, ओढून, पाणी लावत तिंबायची आणि मुरू द्यायची. गव्हातला चिकटपणा तिंबण्यानं आणि मुरण्यानं ताणला जातो, मीठ त्याला बळ देतं. आयर्लंडच्या मऊ गव्हाला जे जमणार नाही ते इथला गहू करतो. पुरण भरलेली पोळी थोडी लाटून बाई ती उचलते आणि दोन्ही हातांच्या मुठींवर, मनगटांवर, मग कोपरापर्यंत फिरवत वाढवत नेते. वजनानंच ती पसरते. पुरण कणकेइतकंच मऊ नसेल तर एका जागी साचतं आणि पोळी तिथेच तुटते. हातभर पसरली की ती उपड्या खापरावर टाकायची. मातीचं खापर खाली लाकडाचा जाळ घेऊन तापलेलं असतं. पोळी त्याच्या घुमटाला चिकटून बसते, क्षणात पापुद्रा सुटतो, आणि घडी घालून उतरवायची. लोखंडी तवा एकदम तापतो आणि डाग पाडतो. माती धग हळू घेते, हळू सोडते, म्हणून मांडा मऊ राहतो.

हे खापर घडवणारा कुंभार हा या पदार्थाचा अर्धा मालक आहे, आणि ही गोष्ट मराठी मनाला फार आधीपासून ठाऊक आहे. ज्ञानदेवांना मांडे खावेसे वाटले, मुक्ताई खापर आणायला निघाली, विसोबानं आळंदीच्या कुंभारांना खापर देऊ नका म्हणून बजावलं, आणि ज्ञानदेवांनी जठराग्नी चेतवून आपली पाठच तापवली. ही कथा आपण चमत्कार म्हणून ऐकतो. मला त्यात वाळीत टाकण्याची रीतही दिसते: एखाद्या घराला विस्तव नाही, भांडं नाही, तर सणही नाही. ती मुक्ताई परंपरेप्रमाणे १२९७ साली तापीतीरी मेहूणच्या परिसरात गुप्त झाली. पूर्वीचं एदलाबाद आज तिच्या नावानं मुक्ताईनगर आहे, रावेरला लागूनच. मांडे करणाऱ्या बायांच्या मुलखात मांडे करणाऱ्या मुक्ताईचं मंदिर असावं, हा योग मला नेहमी हेलावतो.

मानाच्या बाबतीत मात्र या भागाचं पारडं एकाच बाजूला झुकलेलं आहे. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची मानांकित केळी २०२१मध्ये २२ टनांच्या खेपेनं दुबईला गेली. अभिमान वाटावा अशीच ही कामगिरी आहे. पण पिकाला जे मिळालं ते हाताला मिळालेलं नाही. वांग्याचं वाण कोणतं, माती कशी, फळाचं वजन किती, याची नोंद झाली. मांड्याच्या कणकेत पाणी किती, ती किती वेळ मुरवायची, खापराचा व्यास आणि जाडी किती, गोवरीचा आर कधी तयार झाला म्हणायचा, याची नाही.

केळीचं बेकिंगही आता इथे घरोघरी पोहोचतंय. आधी वेफर्स होतेच. मग केळीचं पीठ आलं, केळीची बिस्किटं आली, आणि २०२०च्या टाळेबंदीत जगभर जो बनाना ब्रेडचा लोट आला तो इथे कुकरमधल्या केकच्या रूपानं पोचला. जास्त पिकलेल्या केळीत पिठूळपणाची साखर झालेली असते, म्हणून डागाळलेलं, बाजारात भाव नसलेलं केळं केकला उत्तम. ज्या तालुक्यात वादळानं आडवी झालेली बाग लोकांनी डोळ्यांनी पाहिली आहे, तिथे हा उपयोग नुसता हौशीचा नाही. त्यात आणखी काम व्हायला हवं.

मांडे आता ऑर्डरवरही होतात. बचत गटांच्या बाया आखाजीला डझनावारी मांडे करून देतात, पुण्या-मुंबईच्या खाद्यजत्रांत गॅसच्या शेगडीवर खापर उपडं टाकतात आणि भोवती मोबाइल घेऊन लोक उभे राहतात. गॅसचा जाळ मधोमध लागतो, लाकडाचा कडेपर्यंत पसरतो, म्हणून त्यांना पोळी खापरावर फिरवत राहावी लागते. हा बदल त्यांनी स्वतःच शोधलेला आहे. तिथे उभं राहून चित्रफीत काढणाऱ्यांनी मांडा हवेत असतानाचा क्षण टिपावा, पण कणकेच्या पातेल्याकडेही कॅमेरा वळवावा, आणि त्या बाईला तिचं माप विचारावं. ती वाटीत सांगेल, ओंजळीत सांगेल. तसंच लिहून घ्यावं.