ब्रिजिडला आत घ्या!

आयर्लंडमध्ये वसंत येतो तो कॅलेंडरात, अंगणात नव्हे! १ फेब्रुवारीला बाहेर बोचरी थंडी नि चिखल. तरी जुन्या रीतीने वसंताचा पहिला दिवस तोच, आणि तोच संत ब्रिजिडचा. ही किल्डेअरच्या मठाची प्रमुख. गाईगुरं नि दूधदुभतं राखणारी, म्हणून घरोघरच्या बायकांना जवळची. २०२३ पासून तिच्या नावाने सार्वजनिक सुट्टी मिळते. एका बाईच्या नावाची त्या देशातली ही पहिलीच, बरं का!

पण खरी मौज आदल्या रात्री, घरातच. माझी लेक किल्डेअरला असते. शेजारच्या बाईंनी ओल्या कुरणातून लव्हाळ्याचा भारा आणून दिला. तो कापायचा नाही, उपटायचा, अशी रीत. मग घरातल्या मुलीने भारा घेऊन बाहेर जायचं, दार ठोठावून "ब्रिजिडला आत घ्या" म्हणायचं आणि आतल्यांनी तिचं स्वागत करायचं. आमच्याकडे मुलगी नाही, तेव्हा सहा वर्षांचा नातूच ब्रिजिड झाला! जेवायला उकडून घोटलेले बटाटे, मधोमध खळगा आणि त्यात लोणी.

मग क्रॉस विणायचा. एक काडी उभी धरा. दुसरी मधोमध दुमडून तिच्यावर अडकवा, टोकं उजवीकडे. दुमड चिमटीत घट्ट धरून सगळंच डावीकडे पाव फेरा फिरवा, म्हणजे ती टोकं वर जातील. त्यांच्यावर पुढची काडी तशीच दुमडून अडकवा. असं फिरवत गेलं की मध्ये चौकोन नि चार बाजूंना चार हात तयार होतात. टोकं दोऱ्याने बांधली की झालं. लव्हाळं नसेल तर कागदी नळ्याही चालतात.

नातवाच्या क्रॉसचा एक हात सैल, दुसरा आखूड. तो झोपल्यावर मी हळूच सोडून नीट विणून ठेवला. आपल्याला राहवतं थोडंच! सकाळी पोरगं बघून म्हणालं, "आजी, हा माझा नाही." आणि रडायलाच लागलं. "मला तरी कुठे कधी लाडू वळू दिलेस?" लेक म्हणाली, तेही शेजारणीसमोर.

त्या बाईंनी मला आपल्या स्वयंपाकघरात नेलं. आग नि आजारपण घरात येऊ नये म्हणून क्रॉस दारावर लावतात. त्यांच्या दारावर चार-पाच होते, सगळे वाकडे. विणणारी मुलं आता नोकरीला लागलीत.

परत आले तर नातू नव्या काड्या घेऊन बसलेला. मी हात मांडीखाली दाबून बसले, अगदी खरं सांगते! क्रॉस आदल्या रात्रीपेक्षाही वाकडा झाला. तोच दारावर लागला.

रात्री एक फडकंही बाहेर झुडपावर टाकलेलं होतं. ब्रिजिड जाताना त्याला स्पर्श करते आणि मग ते डोकेदुखीवर चालतं, अशी समजूत. पहाटे ते दवाने भिजलेलं. नातवाने ते माझ्या कपाळाला बांधलं नि विचारलं, "अजून दुखतंय का?"