बेचाळीस अंश की चारशेवीस?

टाइपिंगच्या क्लासमध्ये अंशाचं चिन्ह आम्ही दोन हातांनी काढायला शिकलो. डाव्या हाताने रोलर अर्धी ओळ उलटा फिरवायचा, उजव्याने इंग्रजी मशीनवर लहान ओ मारायचा, मग रोलर पुन्हा जागेवर. मराठी मशीनवर ओ कुठला, तिथे शून्य चालायचं. देवनागरी शून्य मुळातच गोल आणि आटोपशीर, त्यामुळे चिन्ह सुरेख वठायचं. रोलर फिरवायला विसरलं की मात्र ४२ अंशांचे ४२० व्हायचे. सर कागद वर धरून विचारायचे, "हे तापमान आहे की कलम?"

पुढे मी शालेय गाइडं छापणाऱ्या एका छोट्या प्रेसमध्ये मुद्रितं तपासायला लागलो आणि या एवढ्याशा गोलाने पंचवीसेक वर्षं पिच्छा पुरवला. भूगोलात अक्षांश-रेखांश, भूमितीत कोन, विज्ञानात तापमान. शास्त्रज्ञांनी १९६७-६८ मध्ये केल्विनमागचं हे चिन्ह काढून टाकलं, तेवढाच काय तो दिलासा.

कॉम्प्युटर आला तेव्हा रोलर गेला आणि त्याबरोबर ती अर्धी ओळही गेली. कीबोर्ड पालथा घातला तरी चिन्ह सापडेना. कुणीतरी सांगितलं, ऑल्ट दाबून धर आणि नंबर पॅडवर २४८ मार. जमलं! आयबीएमच्या १९८१ च्या पीसीमध्ये अक्षरांचा जो तक्ता होता त्यात आपल्या गोलाचा क्रमांक २४८. मग विंडोज आलं आणि आकडा बदलला: ०१७६. पुढचं शून्य गाळायचं नाही. ते लावलं तर विंडोजचा तक्ता, गाळलं तर डॉसचा जुना. गंमत म्हणजे हे दोन्ही आकडे अजून चालतात.

आकडे पाठ करायची वेळ आपल्यावर का आली? अमेरिकेत १९६३ मध्ये ठरलेल्या आस्की संकेतात सगळ्या मिळून १२८ जागा, त्यात अंशाला एकही नाही. १९८७ च्या आंतरराष्ट्रीय लॅटिन तक्त्यात त्याला १७६ वी जागा मिळाली, आणि युनिकोडने तो तक्ता जसाच्या तसा उचलल्यामुळे आजही तीच आहे. पण जागा मिळणं वेगळं आणि कीबोर्डवर बटण मिळणं वेगळं. जर्मन कीबोर्डवर एकच्या डावीकडच्या बटणावर शिफ्ट मारली की अंश उमटतो, फ्रेंच कीबोर्डवर बंद कंसाच्या बटणावर. आपल्या टेबलांवर आला तो अमेरिकन मांडणीचा कीबोर्ड. त्यावर डॉलर होता, अंश नव्हता.

मराठीत तर १७६ पाठ असूनही भागायचं नाही. युनिकोडपूर्वीच्या मराठी फाँटांनी १२८ च्या पुढच्या जागा आपल्या मात्रांना आणि अर्ध्या अक्षरांना वाटून टाकल्या होत्या. ऑल्ट धरून ०१७६ मारलं की ओळीत भलताच तुकडा यायचा. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या इस्की संकेतात तर १७६ व्या जागेवर चक्क 'ओ' बसलेला आहे. इंग्रजी मशीनवर आम्ही ओ वर चढवून अंश करत होतो, इथे ओ ने अंशाचीच जागा घेतली!

इंग्रजी फाँट निवडा, चिन्ह मारा, परत मराठी फाँटवर या, असा एक रस्ता होता. पानावर साठ कोन असतील तर साठ वेळा. आमचे ऑपरेटर शहाणे. त्यांनी सरांचीच युक्ती पडद्यावर आणली: शून्य टाइप करायचं आणि त्याला सुपरस्क्रिप्ट करायचं. छापून उत्तम दिसायचं. पण एकदा एका गाइडचा मजकूर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेला आणि वाटेत सुपरस्क्रिप्ट गळून पडलं. कर्कवृत्त २३०३० वर गेलं, काटकोन ९०० चा झाला. मुद्रितं माझ्याकडेच होती. काटकोन मी पकडले, कर्कवृत्त निसटलं. शुद्धिपत्र छापून हाताने चिकटवत बसलो.

वर्तमानपत्रांनी या भानगडीत फारसं पडायचंच नाही असं ठरवलं असावं. ती सरळ 'अंश सेल्सिअस' लिहितात, नाहीतर पारा चाळिशीपार नेतात. मला हे मनापासून पटतं. पंचांगवाल्यांकडे अंश, कला, विकला हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तीस अंशांची रास, साठ कलांचा अंश. तो शब्द लिहायला कुठलाही आकडा पाठ करावा लागत नाही.

लॅपटॉपने नंबर पॅडच काढून टाकला. काही लॅपटॉपांवर अक्षरांच्या बटणांत आकडे लपवलेले असायचे. तिथे ०१७६ साठी एम, जे, ७, ओ मारायचं. हे मी एका चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलं होतं. मॅकवर ऑप्शन, शिफ्ट आणि ८. सोपं, पण जवळपास दोन तोतये बसलेले. ऑप्शन आणि शून्य मारलं तर पोर्तुगीज-स्पॅनिश क्रमवाचक गोल येतो, गोव्यातल्या जुन्या पोर्तुगीज कागदांवर 'नंबर'च्या लघुरूपात दिसतो तो. ऑप्शन आणि के मारलं तर अक्षरावर बसणारं कडं. डोळ्यांना तिन्ही सारखेच, शोधायला गेलं की एक सापडतो आणि दोन हुलकावणी देतात.

साध्या मोबाइलची एक मजा सांगतो. एसएमएसच्या मूळ अक्षरसंचात अंश नाही. इंग्रजी संदेशात तो एकदा घातला की १६० अक्षरांची मर्यादा ७० वर यायची. मराठी संदेशाला पहिल्यापासून ७० च, त्यामुळे आपल्याला तो फुकट.

आता विंडोजमध्ये विंडोजचं बटण आणि पूर्णविराम दाबला की इमोजींशेजारी चिन्हांचा तक्ताही उघडतो. २०१९ पासूनची सोय. अँड्रॉइडच्या कीबोर्डवर चिन्हांच्या दुसऱ्या पानावर अंश असतो. आयफोनवर शून्य दाबून धरलं की वर तरंगतो. हे मला भाचीने दाखवलं. "तुला कुणी सांगितलं?" म्हटलं, तर म्हणाली, "शून्यासारखा दिसतो ना मामा, म्हणून शून्यच दाबून बघितलं."

गेल्या मे महिन्यात तिने चंद्रपूरहून संदेश पाठवला: 'इथे ४५°'. मी चष्मा लावून तो गोल वर चढलाय ना, ते आधी बघितलं.