गवती चहाला ताण हवा, पण बेताचा

श्रावणात चहात गवती चहाची चार पानं जास्त टाकली, तरी वास बेताचाच येतो. एप्रिलमध्ये मात्र अर्धी पात चुरगळली की बोटांना लिंबाचा वास चिकटतो. अंगणातलं बेट तर तेच असतं!

हा वास म्हणजे पातीच्या पेशींत साठलेलं तेल. त्यात सत्तर-ऐंशी टक्के सिट्राल असतं. लिंबासारखा गंध त्याचाच. पण 100 किलो ओल्या पाल्यातून हे तेल जेमतेम अर्ध्या किलोपर्यंत निघतं. पावसाळ्यात पात झपाट्याने वाढते, पाणी धरते. आभाळामुळे ऊनही कमी मिळतं. पानात तयार होणारी साखर वाढीतच खर्च होते आणि असलेलं तेल भरपूर पाल्यात विरळ होतं. उन्हाळ्यात पाणी थोडं कमी पडलं, की आधी वाढ मंदावते. साखर तयार होणं मात्र काही काळ चालू राहतं. तिचा थोडा वाटा मग तेलाला मिळतो.

मग पाणी तोडलेलंच बरं? हिशेब करून पाहू. समजा, पावसाळ्यात एका वाफ्यातून 100 किलो पाला निघाला, तेलाचं प्रमाण 0.3 टक्के, म्हणजे 300 ग्रॅम. उन्हाळ्यात पाणी तोडल्यावर पाला 60 किलो, प्रमाण 0.4 टक्के, हाती 240 ग्रॅम. वास वाढला, तेल घटलं. ताण फारच लांबला तर पातही वाळते. म्हणून तेलासाठी लागवड करणारे वाढीच्या काळात पाणी देतात आणि कापणीआधी थोडे दिवस तोडतात.

खानदेशातल्या तिखाडी, म्हणजेच रोशा गवताला हा क्रम ऋतूच लावून देतो. पावसावर ते वाढतं, पाऊस सरताना तुऱ्यावर येतं. तेल मुख्यतः तुऱ्यांत असल्याने कापणीही तेव्हाच. त्यातल्या जिरॅनिऑलला गुलाबासारखा वास येतो. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबईहून तुर्कस्तानाकडे जाई आणि तिथे गुलाबाच्या तेलात त्याची भेसळ होई.

घरच्या बेटालाही कापण्याआधी दोन-तीन दिवस पाणी देऊ नये. कुंडीतली माती मात्र लवकर सुकते. पात कडांनी आत वळू लागली, की ताण पुरे झाला, तांब्या उचलावा.